पोटखराबा

वैशाखांत कोंकणांतील एखाद्या सड्यावर दुपारीं उभें राहिल्यास, येथें जीवसृष्टि म्हणून कांहीं असेल हें कोणाला पटणार नाहीं. जांभ्याचा काळा कातळ तव्यासारखा तापतो. भेगांतून गवताच्या वाळल्या काड्या तेवढ्या उरतात. सातबाऱ्यावर अशा जमिनीला ‘पोटखराबा’ म्हणतात. लागवडीस अयोग्य, एवढाच त्या शब्दाचा अर्थ; पण वाचणारा तो ‘फुकट गेलेली जागा’ असा घेतो.

तीच जागा श्रावणांत पाहावी. कातळाच्या खळग्यांत पाणी सांचतें व त्यांतून गेंदाचे पांढरे गोंडे मान वर काढतात. जेथें बोटभर माती, तेथें निळ्या-जांभळ्या ‘सीतेच्या आसवां’चा गालिचा, भेग जरा खोल असेल तेथें गवत व तेरडा, आणि कडेला, जेथें मुळांना शिरावयास खरोखर वाव मिळतो, तेथें करवंदीच्या जाळ्या. मातीची जाडी दोन बोटांनीं बदलली कीं शेजारी बदलतात. कोणी नेमून न देतां प्रत्येकानें आपली जागा अशी हेरावी, याचें मला नेहमीं नवल वाटतें.

या वसाहतीचें मर्म तिच्या दारिद्र्यांत आहे. मुसळधार पावसानें मातींतील सत्त्व धुऊन जातें. नत्र तर फारच थोडें उरतें. मोठीं, भराभर वाढणारीं झाडें येथें टिकत नाहींत, आणि म्हणूनच लहानांना ऊन मिळतें. नत्राची तूट भरून काढण्याची कांहींची रीत मात्र थोडी भयंकर आहे. दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकांशीं चिकट थेंब चमकतात. त्यांस भुलून बसलेला किडा अडकतो व पान त्यास हळूहळू पचवितें. अशा वनस्पतींवर डार्विननें १८७५ सालीं एक संबंध ग्रंथच प्रसिद्ध केला. सीतेच्या आसवांचें नांव इतकें करुण, पण त्यांच्याहि जमिनींतील भागावर सूक्ष्म फुगे असतात व ते पाण्यांतील बारीक जीव डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत ओढून घेतात. नांव ठेवणाऱ्यानें फूल पाहिलें, खालीं काय चाललें आहे तें पाहिलें नाहीं!

उगवणें, फुलणें, बीं धरणें, सर्व कांहीं चार महिन्यांत उरकावें लागतें. त्यांतहि वळवाच्या एका सरीला फसून सगळेंच बीं उगवलें आणि पुढें पावसानें ओढ दिली, तर वंशच बुडायचा. म्हणून अनेक वर्षायु वनस्पतींचें थोडें बीं त्या सालीं उगवतच नाहीं; तें मातींत निजून पुढल्या पावसाची वाट पाहतें. घरांतील सगळे दागिने एकाच पेढीवर न ठेवणाऱ्या आमच्या आजीला हें शास्त्र चांगलें समजलें असतें.

साताऱ्याजवळचें कासचें पठार याच जातीचें. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ सालीं जागतिक वारशांत त्याची गणना झाली. तिकीट काढून कासचीं फुलें पाहावयास जाणारीं मंडळी घरच्या सड्याला मात्र सुरुंग लावितात, ही गोष्ट मला चमत्कारिक वाटते. आमच्याच घरचें पाहा. रत्नागिरीकडील आमच्या सड्यावर सुरुंगानें खड्डे पाडून, बाहेरची माती भरून हापूसचीं कलमें लावावीं, असा आमच्या दादांचा बेत आहे. कोंकणांत कित्येक बागा अशाच उभ्या राहिल्या. पण कातळ फुटला कीं खळग्यांतील पाणी भेगांतून निघून जातें. मातीबरोबर खत येतें, तण येतें. कलम वाढलें कीं सावली येते. उथळ पाणी, निकस माती व उघडें ऊन यांवर ज्यांचा संसार उभा, त्यांना यांतली एकेक देणगी म्हणजे हद्दपारीची नोटीस होय.

वहिनी म्हणाल्या, “भावजी, तुमच्या त्या आसवांचें लोणचें घालतां येत नाहीं.” खरें आहे. आंब्यानें अनेक घरें सावरलीं आहेत, आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च फुलांवर भागत नाहीं. म्हणून मीं एवढेंच सुचविलें कीं, कलमें उताराला, जेथें माती मूळचीच आहे तेथें लावावीं व वरचा कातळ सोडावा. दादांनीं अजून होकार दिलेला नाहीं. मात्र सुरुंगवाल्याला त्यांनीं दिवाळीनंतर यावयास सांगितलें आहे, आणि गणपतीला सगळीं जमतील तेव्हां सड्यावर एक फेरी करावयाचें ठरलें आहे. मुलांसाठीं वहिनींनीं एक भिंगहि मागवून ठेवलें आहे.