सूनबाईची हत्यारे

ब्रश या वस्तूशी माझा संबंध आयुष्यात तीनच ठिकाणी आला: दातांशी, दाढीशी आणि बुटांशी. एवढ्या सामग्रीवर मी बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली, निवृत्त झालो आणि चिरंजीवांचे लग्नही पार पाडले. माणसाला याहून अधिक ब्रश लागत असतील अशी शंकासुद्धा मला कधी आली नव्हती. सूनबाई मात्र घरात आली ती चोवीस ब्रश घेऊन!

काळ्या कापडाची एक गुंडाळी, तिला ओळीने शिवलेले खण आणि प्रत्येक खणात एक ब्रश. एक कोल्ह्याच्या शेपटीसारखा झुबकेदार, एक पंख्यासारखा पसरट, तर एक इतका बारीक की त्याने तांदळाच्या दाण्यावर नाव लिहावे.

“एका तोंडाला एवढे?” मी विचारले.

“बाबा, तुमच्या बँकेत एकाच शिक्क्यावर काम भागत होतं का?” ती हसून म्हणाली.

सूनबाईने कंपनीतली नोकरी सोडून नवऱ्या मुलींचा मेकअप करण्याचा व्यवसाय पत्करला होता. चिरंजीवांना तो पसंत होता. आम्हा दोघांना तो ठाऊक होता, एवढेच म्हणतो. कुणी विचारले की आमची ही “ती एका कंपनीत होती” असे सांगे, आणि ‘होती’ या शब्दावर कुणी अडखळण्याच्या आत मी चहाचा विषय काढी.

त्यातच गणपतीत एक प्रसंग घडला. हिची धाकटी बहीण आरतीला आली होती. तिने डोळ्यांना काजळ लावायला सूनबाईचा ब्रश मागितला. सूनबाईने ब्रश दिला नाही. कापूस गुंडाळलेली एक काडी दिली. मावशी रुसल्या. “आम्हाला काय रोग झालाय?” असे त्या जाताना जिन्यात म्हणाल्या आणि आमच्या घरात दोन दिवस भांडी जरा जास्तच वाजली.

मग आली गेल्या वर्षीची दिवाळी. घरात साफसफाई निघाली. निवृत्त माणसाच्या अंगात अशा वेळी जो उत्साह संचारतो, त्याचे घरच्या मंडळींना भय वाटते, आणि ते रास्त आहे. सूनबाई बाहेर गेली होती. तिची गुंडाळी मला टेबलावर दिसली. ब्रश गुलाबी, तपकिरी रंगांनी माखलेले होते. मनात आले, पोरीला जरा मदत करावी. मी गीझरचे कढत पाणी बादलीत घेतले, कपडे धुण्याची पूड टाकली आणि चोवीसच्या चोवीस ब्रश दांड्यांसकट तासभर बुडवून ठेवले. मग खळखळून धुतले आणि दातांचे ब्रश ठेवतो तसे, केस वर करून, स्टीलच्या पेल्यांत उभे केले.

रात्री नऊला सूनबाई आली. पेले पाहून ती जमिनीवरच बसली. एकेक ब्रश तिने तळहातावर फिरवला. हातावर केस राहिले. एकाची दांडी पत्र्याच्या कड्यातून सुटून हातात आली. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, “पहाटे चारला डोंबिवलीला पोचायचंय, बाबा.”

चिरंजीव कामासाठी बंगलोरला होते. तिच्या धंद्यातल्या एका मैत्रिणीकडे धुतलेला, कोरडा संच होता. तो आणायला रात्री अकराला रिक्षाने मुलुंडला निघालो. मीही बरोबर गेलो. घरी बसून झोप थोडीच येणार होती! वाटेत तिने मला माझा गुन्हा समजावून सांगितला. ब्रशाचे केस त्या कड्यात डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले असतात. कढत पाण्याने तो सैल होतो. ब्रश ओला असताना उभा ठेवला की पाणी खाली मुरते, लाकडी दांडी फुगते आणि केस गळू लागतात. जे मी प्रेमाने केले होते, ते शत्रूने ठरवून केले असते तरी इतके नीट जमले नसते.

पहाटे तिची पेटी उचलायला म्हणून मी डोंबिवलीलाही गेलो. दार अर्धे उघडे होते. आतली मुलगी घाबरलेली होती. तिच्या गालांवर मुरमे होती आणि ती सारखी हातांनी झाकत होती. सूनबाईने आधी साबणाने स्वतःचे हात धुतले. डबीत ब्रश न बुडवता चपट्या पट्टीने थोडे क्रीम एका स्टीलच्या तबकडीवर काढून घेतले. मग मुलीची हनुवटी एका बोटाने वर करून कामाला लागली. दोघी काय बोलत होत्या ते मला ऐकू आले नाही. पण तासाभराने त्या मुलीने गालांवरचे हात काढले ते पुन्हा ठेवले नाहीत. मधेच मुलीच्या आईने “मलाही त्याच ब्रशाने जरा लावून दे” म्हटले, तेव्हा सूनबाईने पेटीतून दुसरा, कोरा काढला. मला गणपतीतल्या मावशी आठवल्या.

परतताना मी तिला ते विचारले. ती म्हणाली, “एकीचे डोळे आलेले असले, तर ब्रशाबरोबर ते दुसरीकडे जातात, बाबा. आज नवरीचे डोळे आले तर तिचं लग्न कायम तसंच आठवणीत राहील.”

नंतर मी थोडे वाचन केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत दाढीच्या ब्रशांमुळे माणसांना काळपुळीचा रोग झाला होता. सैनिकही त्यात होते. बॅजरचे केस मिळेनात म्हणून घोड्याचे केस, नीट निर्जंतुक न करता, वापरले गेले होते. आणि २०१९ साली इंग्लंडच्या ॲस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी बायकांच्या वापरातले प्रसाधन तपासले, तर मेकअपच्या स्पंजांपैकी ९३ टक्के कधीच धुतलेले नव्हते. मी माझ्या दाढीच्या ब्रशाकडे त्या दिवशी प्रथमच संशयाने पाहिले.

नवे ब्रश घ्यायला मी हट्टाने बरोबर गेलो, कारण पैसे मी देणार होतो. एका ब्रशाचा भाव अडीच हजार ऐकून मला दुकानातली खुर्ची शोधावी लागली. सूनबाई मात्र भावाकडे न बघता ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाही. टोचला की परत. केस हलकेच ओढी. दोन-चार हातात आले की परत. कडे हलले तरी परत. पावडरीला शेळीच्या किंवा खारीच्या केसांचा, कारण केसांवरच्या बारीक खवल्यांत पावडर धरून राहते; ओल्या क्रीमला कृत्रिम धाग्यांचा, कारण तो क्रीम पीत नाही आणि धुवायलाही सोपा. मी ज्ञान दाखवावे म्हणून म्हटले, “उंटाच्या केसांचा नाही का? आम्ही शाळेत वापरायचो.” तेव्हा कळले, की ‘कॅमल हेअर’ ब्रशात उंटाचा केस नसतोच, बहुतेक खारीचा, शेळीचा किंवा घोड्याचा असतो. माझी चित्रकला का सुधारली नाही, हे मला इतक्या वर्षांनी उमगले.

तेव्हापासून दर सोमवारी ब्रश धुण्याचे काम माझ्याकडे आहे. ग्राहकाच्या चेहऱ्यावर वापरलेले ब्रश सूनबाई त्याच दिवशी धुऊन वर सत्तर टक्क्यांचे अल्कोहोल फवारते. माझ्याकडे येतात ते घरचे आणि सरावाचे. कोमट पाणी, लहान मुलांचा शांपू, केस खाली करून तळहातावर गोल फिरवणे, कड्याच्या वर पाणी चढू न देणे. मग टॉवेलात दाबून, बोटांनी आकार देऊन, टेबलाच्या कडेला केस बाहेर येतील असे आडवे ठेवणे. धुऊनही वास राहिला, केस गळतच राहिले किंवा गालाला टोचू लागले, की तो ब्रश निवृत्त. निवृत्तांना कामे नसतात असे नाही. त्यातल्या एकाने मी देवघराची नक्षी झाडतो.

यंदाच्या खंडेनवमीला आमच्या हिने पाटावर हत्यारे मांडली: विळी, शिवणाचे यंत्र, चिरंजीवांचा लॅपटॉप, माझे फाउंटन पेन. मी काही बोलणार, तोच ती उठली आणि आतून काळी गुंडाळी घेऊन आली. पाटाच्या मधोमध तिने ती उलगडली आणि हळदकुंकवाची बोटे पुढे केली.

“आई, केसांना नको हं! दांड्यांना लावा,” सूनबाई ओरडली, “नाहीतर बाबांना पुन्हा धुवावे लागतील.”

हिने दांड्यांना कुंकू लावले, चोवीसच्या चोवीस. एवढ्यात फोन वाजला. धाकट्या बहिणीचा होता. त्यांच्याकडे कुणाच्या तरी मुलीचे लग्न निघाले होते. ही इकडे पाहत, पण अगदी ठसक्यात म्हणाली, “अगं, दुसरीकडे कशाला विचारतेस? आमची सून नवऱ्या सजवते.”