वाघाच्या मावशीचे रक्त

कोलेस्टेरॉल हा शब्द आता आमच्या धर्मग्रामातील घराघरांत पोहोचला आहे. मिस्सेनंतर दोन प्रौढ गृहस्थ चर्चच्या अंगणात भेटले की आपापले आकडे सांगतात, आणि ज्याचा आकडा कमी तो स्वतःला धन्य समजतो. आमच्या मिशनमधील बारा वर्षांच्या मांजरीचा आकडा ५८ आला, तेव्हा डहाणूचे पशुवैद्य मात्र गंभीर झाले. निरोगी मांजरीत तो साधारण ७५ च्या पुढे असतो.

हा मेणासारखा पदार्थ मुख्यतः यकृत घडवते. पेशींची आवरणे, काही संप्रेरके आणि पित्तातील आम्ले त्यापासूनच बनतात. तो घटला, तर मूळ दुखणे बहुधा अन्यत्र असते. यकृत निकामी झाले असेल, किंवा यकृताला वळसा घालून रक्त नेणारी जन्मजात वाहिनी असेल. आतडी अन्नातील स्निग्धांश शोषत नसतील, स्वादुपिंड पाचकरस देत नसेल. म्हाताऱ्या मांजरीत थायरॉइड ग्रंथी बेसुमार चालत असेल. आणि कधी कारण एवढेच, की पोटाला मिळत नाही.

आमच्या मांजरीचे तसे नव्हते. मांजर ही जात्याच मांसाहारी. वरणभातावर तिचा निभाव लागत नाही. आपली पित्ताम्ले ती टॉरिन नावाच्या द्रव्याशीच जोडते, आणि ते मांसमासळीतून मिळते. टॉरिनअभावी मांजरांचे हृदय फुगते व ते दिल्यास पुष्कळदा सुधारते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवले. आमच्या मांजरीला रोज उकडलेली मासळी मिळे. (शुक्रवारी मांस वर्ज्य असते, मासळी नव्हे, हे तिला ठाऊक असावे.) तरीही ती झिजत होती. थायरॉइड व यकृत ठीक निघाले. रक्तातील प्रथिने व बी-१२ जीवनसत्त्व घटलेले. डॉक्टरांनी आतड्यांच्या जुनाट दाहाचे निदान केले. आतड्याचा कर्करोगही असाच दिसतो. तुकडा काढून तपासल्याशिवाय दोहोंत फरक करणे कठीण. ती शस्त्रक्रिया आम्ही करविली नाही. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या व दर आठवड्याला बी-१२ चे इंजेक्शन सुरू झाले.

तलासरीकडील एका पाड्यावरून आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या वारली बाई हे सारे पाहत होत्या. वाघोबाला पुजणाऱ्या या लोकांत मांजरीचा दुस्वास नाही. एके दिवशी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "फादर, मांजरीचं रक्त मुंबईला जातं. माझ्या नातीचं कधी कुठं गेलं नाही."

जव्हार-मोखाड्यात १९९२-९३ साली बालके दगावली, तेव्हा कुपोषण हा शब्द वर्तमानपत्रांत आला. ज्या कुपोषणात मुलाचे पाय सुजतात आणि केस तांबूस होतात, त्यातही रक्तातील कोलेस्टेरॉल असेच उतरते. मांजर आणि मूल यांच्या रक्ताची भाषा इथे एकच होते. बाईंच्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. मांजरीचे औषध थांबविले असते तर नातीच्या ताटात काही वाढले असते, असेही नाही.

त्या आठवड्यातच दवाखान्यातील धर्मभगिनी नातीला तपासणीला घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन ७ निघाले. वजन वयाच्या मानाने फार कमी. आता लोहाचे औषध चालू आहे, आणि अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते. गेल्या खेपेस ते ६०० ग्रॅमने वाढले होते. मांजरीचे २०० ग्रॅमने. इंजेक्शनच्या वेळी तिला बाईच धरतात. दुसऱ्या कुणाला ती जवळ येऊ देत नाही.