चुकलेले स्वर आणि श्नाबेल

एखाद्या पियानोवादकाच्या ध्वनिमुद्रणाला चांगलं म्हणायचं ते कशावरून? तयारीवरून? स्वच्छपणावरून? की आणखी कशावरून? गेले काही महिने हा प्रश्न डोक्यात ठाण मांडून बसलाय, आणि त्याला कारण आर्टुर श्नाबेल.

पाश्चात्य संगीत म्हटलं की आपल्यातली निम्मी मंडळी खिडकी बंद करतात, हे मला ठाऊक आहे. (काकू, तुम्ही थांबा. पुढे कोलकाता येणार आहे.)

तर, बीथोवनचे पियानो सोनाटा एकूण ३२. ते सगळेच्या सगळे पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केले श्नाबेलनं. १९३२ ते १९३५ या काळात, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत. त्याआधी १९२७ साली, बीथोवनच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्यानं बर्लिनमध्ये हे बत्तीसही मैफलीत वाजवले होते. पण स्टुडिओत यायला मात्र गडी तयार नव्हता. समोर श्रोता नाही आणि यंत्रापुढे वाजवायचं, हे त्याला पटेना. त्याला राजी केलं फ्रेड गाइसबर्गनं. हाच तो गाइसबर्ग, ज्यानं १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरवलं! शेवटी आगाऊ वर्गणी भरणाऱ्यांची एक सोसायटी काढून या तबकड्या विकल्या गेल्या.

त्या काळची पद्धत लक्षात घ्या. मोठ्या तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम सव्वाचार-साडेचार मिनिटं. आवाज मेणावर कोरला जाई, आणि ते मेण वाजवून ऐकलं तर खराब होई. त्यामुळे वाजवून झाल्यावर लगेच ऐकून बघायची सोय नाही. कापून जोडायची तर नाहीच. चुकलं तर ती बाजू पुन्हा पहिल्यापासून. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकून वाढलेल्यांना ही शिस्त वेगळी सांगायला नको. फरक इतकाच की खाँसाहेब त्या तीन-साडेतीन मिनिटांत मावेल असं गात, आणि बीथोवननं तर आधीच सगळं लिहून ठेवलेलं! ओपस १०६, म्हणजे 'हामरक्लाव्हिअर', त्याचा संथ भागच पंधरा मिनिटांहून मोठा. तो वाजवायचा तुकड्यातुकड्यांनी, आणि ऐकणाऱ्याला मात्र एका श्वासात वाजवल्यासारखा वाटला पाहिजे.

या ओपस १०६चा पहिला भाग म्हणजे श्नाबेलच्या टीकाकारांचं हक्काचं उदाहरण. बीथोवननं स्वतः त्यावर मेट्रोनोमचा आकडा लिहून ठेवलाय, मिनिटाला १३८. हा वेग इतका अफाट आहे की बरेच वादक तो सरळ बाजूला ठेवतात. श्नाबेल तो गाठायला धावतो. आणि धावताना स्वर सांडतात. एकदोन नाही, चांगले मूठभर.

माझी भाची पियानो शिकते. सध्या परीक्षेसाठी ओपस ४९मधला दुसरा सोनाटा बसवतेय. एक स्वर चुकला की थांबते आणि पुन्हा सुरुवातीपासून. ऐकून ऐकून तिच्या आईला तो पाठ झालाय. तिला मी श्नाबेलचा 'हामरक्लाव्हिअर' ऐकवला. दोन मिनिटांत म्हणाली, "मामा, हा तर नापास झाला असता."

खरंय. झालाच असता. मी काही उत्तर दिलं नाही, कारण तिचं बरोबर होतं. मग तिला त्याच सोनाटाचा संथ भाग लावून दिला आणि चहा करायला गेलो. परत आलो तर पोरगी मांडी घालून तशीच बसलेली. भाग संपल्यावर इतकंच म्हणाली, "इथे कुठे चुकला ते मी मोजलंच नाही."

मला वाटतं, मोजमाप इथेच सुरू होतं. स्वर चुकला की नाही हे कानाला कळतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या भागात तर त्या गर्दीमुळे रचनाच नीट दिसत नाही, आणि ते उणंच आहे. 'जुनं ते सोनं' म्हणून मी ते झाकणार नाही. पण संथ भागात श्नाबेल एक वाक्य सुरू करतो तेव्हा ते कुठे जाऊन संपणार आहे हे त्याला माहीत असतं, आणि आपल्यालाही वाट बघायला लावतो. ओपस १०मधल्या तिसऱ्या सोनाटाचा 'लार्गो' ऐका. दोन स्वरांमधली शांतताही तिथे वाजवल्यासारखी वाटते. हे केवळ स्वच्छपणातून येत नाही.

उलट टोकाला आनी फिशर. हंगेरीची ही थोर वादक १९७७पासून बुडापेस्टला हेच बत्तीस सोनाटा मुद्रित करत होती. तेव्हा टेप आली होती. कापा, जोडा, पुन्हा वाजवा. पण तिचं समाधान काही होईना. १९९५ साली ती गेली आणि त्यानंतरच तो संच बाहेर आला. वादन तर असं, की अंगावर काटा यावा! श्नाबेलला दुरुस्तीची सोय नव्हती, हिला होती, आणि तरी तिला वाटत राहिलं की अजून जमलं नाही. त्या दोघांना जे हवं होतं ते बहुतेक चुकांच्या पलीकडे कुठेतरी होतं.

असो. भाचीला मी परीक्षेपुरतं विल्हेल्म केम्प्फचं १९६४-६५चं मुद्रण दिलंय. स्वच्छ, गातं, शिकणाऱ्याला सगळं दिसतं. पण सोबत श्नाबेलचा तोच छोटा सोनाटाही दिलाय. पोरांसाठीचा म्हणून त्यानं तो हलक्यात काढलेला नाही. परवा ती वाजवताना चुकली आणि पहिल्यांदाच न थांबता पुढे गेली. परीक्षक काय म्हणतील ते म्हणोत.

तुमच्याकडे आहे का असं एखादं मुद्रण, ज्यात आवाज फाटलाय किंवा स्वर निसटलाय, आणि तरी तुम्ही ते कुणाला देत नाही? जरूर लिहा.

ता.क. श्नाबेल पहिल्यांदा ऐकणार असाल तर ओपस १०६पासून सुरुवात करू नका. ओपस १४मधला दुसरा सोनाटा घ्या. त्याचा मधला भाग हळूहळू विरत जातो, आणि शेवटी एक दणदणीत ठोका! बीथोवनचा विनोद आहे तो, आणि श्नाबेल तो अगदी गंभीर चेहऱ्यानं करतो.