चांदीचा नकाशा

समुद्राकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. तीरावर उभ्या असलेल्या माणसाला समुद्र हा भूमीचा शेवट वाटतो. नावाड्याला तोच प्रवासाचा आरंभ वाटतो. युरोप आणि आफ्रिका यांच्यामध्ये पसरलेल्या भूमध्य समुद्राने या दोन्ही दृष्टींची माणसे पाहिली आहेत. त्याच्या लाटांवरून लढाऊ गलबते गेली, तशी व्यापारी तारवेही गेली. एका तीरावरचा मनुष्य दुसऱ्या तीरावर कधी तलवार घेऊन उतरला, तर कधी बी-बियाणे, ग्रंथ आणि गाणी घेऊन. पुष्कळदा तर तलवार आणि ग्रंथ एकाच मागोमाग आले.

या समुद्राच्या मध्यभागी सिसिली नावाचे त्रिकोणी बेट आहे. ते इटलीच्या टोकाशी इतके बिलगलेले आहे की मधली सामुद्रधुनी एके ठिकाणी जेमतेम तीन किलोमीटर रुंद आहे. आफ्रिकेचा किनाराही तेथून फारसा दूर नाही. सुमारे दीडशे किलोमीटर. चार वाटा जेथे मिळतात, तेथल्या वडाच्या पारावर चारी गावांचे वाटसरू टेकतात. तसे निरनिराळ्या देशांचे लोक या बेटावर आले. ग्रीक आले, रोमन आले, आणि इ. स. 827 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरब आले. 831 मध्ये त्यांनी पालेर्मो हे शहर घेतले आणि पुढे ते आपले राजधानीचे ठिकाण केले.

अरब जेते म्हणून आले हे खरे. पण ते शेती जाणणारे जेते होते. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या त्या भूमीत त्यांनी पाटबंधारे काढले, पाणी साठवण्यासाठी टाकी बांधली आणि लिंबू, नारिंग, ऊस अशी पिके रुजवली. शेतातील पाण्याच्या टाक्याला सिसिलीचा शेतकरी ‘जेब्बिया’ म्हणतो आणि नारिंगाच्या फुलाला ‘झागरा’ म्हणतो. हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. राज्ये बुडाली, पण पाटाच्या पाण्याबरोबर आलेले शब्द मातीत मुरले ते मुरलेच.

त्यांतील काही शब्दांचा प्रवास तर याहून लांबचा आहे. संस्कृतातील ‘शर्करा’ इराणातून अरबांकडे गेली तेव्हा ‘सुक्कर’ झाली आणि युरोपच्या भाषांत शिरून तिने आणखी निरनिराळी रूपे घेतली. आपला ‘नारंग’ही याच वाटेने अरबीत ‘नारंज’ झाला आणि इटलीत पोहोचला. एका लोकांनी दुसऱ्यांना दिलेली वस्तू पुष्कळदा त्यांनाही तिसऱ्याकडून मिळालेली असते, हे या शब्दांवरून ध्यानात येते.

अकराव्या शतकात उत्तरेकडून नॉर्मन नावाचे लढवय्ये लोक सिसिलीत उतरले. 1072 मध्ये त्यांनी पालेर्मो जिंकले आणि 1091 पर्यंत सर्व बेट त्यांच्या हाती आले. हे नवे राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि संख्येने अगदी थोडे होते. बेटावर मुसलमान, ग्रीक ख्रिस्ती आणि यहुदी यांची दाट वस्ती होती. जमिनीची मोजणी, साऱ्याचे हिशेब, बंदरावरील जकात या गोष्टी तलवारीने चालत नाहीत. त्यांना लेखणी लागते, आणि ती लेखणी अरब व ग्रीक कारकुनांच्या हाती होती. नॉर्मनांनी शहाणपणाने त्यांना जागच्या जागी ठेवले. त्यांच्या कचेरीला अरबीत ‘दीवान’ म्हणत. मराठीतील ‘दिवाण’ तोच. आणि इटालियन भाषेत जकातीच्या नाक्याला ‘दोगाना’ म्हणतात, तोही त्याच शब्दाचा वंशज.

त्या काळचे एक पत्र पालेर्मोच्या दफ्तरखान्यात जपून ठेवलेले आहे. ते 1109 सालचे आहे. नॉर्मन सरदाराची विधवा आदेलासिया ही आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावाने तेव्हा राज्य चालवीत होती. एका मठातील साधूंना उपद्रव होऊ नये, असा हुकूम तिने आपल्या अंमलदारांना पाठवला. हुकूम ख्रिस्ती राज्यकर्तीचा, मठही ख्रिस्ती. पण पत्र ग्रीक आणि अरबी या दोन भाषांत लिहिलेले, आणि तेही कागदावर! कागद बनवण्याची विद्या चीनमधून अरबांकडे आली होती आणि अरबांकडून ती युरोपात जात होती. युरोपात आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या कागदी लेखांत या पत्राची गणना होते.

तो अल्पवयीन मुलगा म्हणजेच पुढे कीर्तीस चढलेला राजा दुसरा रॉजर. 1130 मध्ये त्याच्या मस्तकावर राजमुकुट चढला. त्याच्या दरबारचे सर्वांत मोठे पद ‘अमीर’ या अरबी नावानेच ओळखले जाई. ते पद भूषवणारा जॉर्ज हा सेनानी स्वतः ग्रीक ख्रिस्ती होता आणि राजाचे आरमार त्याच्या हुकमतीखाली होते. आज जगभर आरमाराच्या प्रमुखाला ‘अ‍ॅडमिरल’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी हा ‘अमीर’च आहे.

रॉजरला राज्याइतकीच ज्ञानाची हाव होती. प्रथम त्याला आपल्या राज्यातील नगरे, वाटा आणि बंदरे नीट जाणून घ्यावीशी वाटली. मग ती जिज्ञासा वाढत वाढत साऱ्या पृथ्वीपर्यंत गेली. या कामासाठी त्याने अल्-इद्रिसी नावाच्या मुस्लिम विद्वानाला आश्रय दिला. इद्रिसीचा जन्म 1100 च्या सुमाराचा. आफ्रिकेच्या उत्तर टोकावरील सेउटा हे त्याचे जन्मगाव मानतात. त्याने पुष्कळ प्रवास केला होता. तो दरबारात आला की राजा स्वतः त्याला सामोरा जाई आणि आपल्याजवळ बसवून घेई, असे पुढील काळातील एका अरब चरित्रकाराने लिहून ठेवले आहे.

त्यांची कामाची रीत मोठी मनोवेधक होती. आधी जुने ग्रंथ चाळले. पण ते एकमेकांशी जुळेनात. मग दूरदूरच्या देशांचे प्रवासी बोलावले. त्यांना एकत्र आणि एकेकट्याने प्रश्न विचारले. ज्या गोष्टीवर सर्वांचे एकमत झाले ती स्वीकारली. जिच्यावर मतभेद झाले ती बाजूला ठेवली. माहिती सांगणारा ख्रिस्ती आहे की मुसलमान, हा प्रश्न नव्हता. तो खरे सांगतो की नाही, एवढाच प्रश्न होता. मिळालेली अंतरे एका फळ्यावर लोखंडी कंपासाने ताडून पाहिली. असे हे काम सुमारे पंधरा वर्षे चालले. शेवटी राजाने चांदीचे एक प्रचंड मोठे तबक घडवून घेतले आणि कुशल कारागिरांकडून त्यावर पृथ्वीचे देश, नद्या, समुद्र आणि नगरे कोरून घेतली.

या तबकाच्या जोडीला इद्रिसीने अरबी भाषेत एक ग्रंथ लिहिला. त्यात जगाचे सत्तर भाग पाडून प्रत्येकाचा वेगळा नकाशा दिलेला होता. आज ते नकाशे पाहणारा क्षणभर गोंधळतो. कारण त्यांत दक्षिण दिशा वर आहे आणि उत्तर खाली. उत्तर वरच असली पाहिजे असा निसर्गाचा काही नियम नाही, तो केवळ माणसाने पाडलेला प्रघात आहे, एवढे त्यावरून सहज समजते.

त्या ग्रंथात कोकणचा किनाराही आहे! इद्रिसी कधी हिंदुस्थानात आला नाही. पण व्यापाऱ्यांकडून आणि जुन्या ग्रंथांतून त्याला या किनाऱ्याची वार्ता कळली होती. मोठ्या खाडीवर वसलेले सुंदर शहर म्हणून त्याने ठाण्याचे वर्णन केले आहे. तेथून गलबते निघतात, जवळच्या डोंगरांत बांबूपासून वंशलोचन मिळते, आणि लबाड व्यापारी त्यात हस्तिदंताची राख मिसळतात, हेही तो सांगतो. त्याने ‘सैमूर’ या नावाने ज्या नारळीच्या गावाचा उल्लेख केला, ते कुलाब्याकडील चौल होय, असे विद्वान मानतात. ठाण्याच्या डोंगरातील एक औषध आणि त्यातली भेसळ यांची नोंद एका ख्रिस्ती राजाच्या महालात, एका मुस्लिम पंडिताच्या हातून व्हावी, हा योग खरोखरच अपूर्व म्हटला पाहिजे.

राजवाड्यात रॉजरने एक प्रार्थनामंदिर बांधले. ते अजून उभे आहे. त्याच्या भिंतींवर ग्रीक पद्धतीची, सोनेरी तुकडे जडवून केलेली संतांची चित्रे झळकतात. मान वर करून पाहावे, तर लाकडी छत सर्वस्वी अरबी थाटाचे आहे. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे एकाखाली एक लोंबणारे लहान लहान कोनाडे, आणि त्या प्रत्येकावर रंगीत चित्रे: वीणेसारखे वाद्य छेडणारे गवई, उंट, हत्ती, पक्षी, आणि बुद्धिबळाचा डाव मांडून बसलेले दोन खेळाडू! बुद्धिबळ हा मूळचा भारतातील चतुरंग. इराणातून तो अरबांकडे गेला आणि तेथून युरोपात. चित्रांभोवती अरबी अक्षरांत सुख, आरोग्य आणि यश चिंतणारे शब्द लिहिलेले आहेत. खाली लॅटिन प्रार्थना होत असता वरून अरबी शुभेच्छा बरसत असत, आणि त्यात कोणालाही विसंगत असे काही वाटत नव्हते.

राजाच्या कारखान्यात 1133-34 मध्ये तांबड्या रेशमाचे एक राजवस्त्र विणले गेले. मध्यभागी खजुराचे झाड, दोन्ही बाजूंना उंटावर झेप घेतलेला सिंह, सोन्याची जर आणि मोत्यांच्या ओळी. काठावर अरबी अक्षरांत ते विणल्याचे हिजरी वर्ष, 528, घातलेले आहे. पुढे हे वस्त्र जर्मनीच्या सम्राटांकडे गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ख्रिस्ती सम्राट राज्याभिषेकाच्या वेळी हे अरबी अक्षरांचे वस्त्र खांद्यावर घेत. आज ते व्हिएन्ना येथे पाहावयास मिळते.

परंतु राजांच्या या वैभवापेक्षाही मनाला अधिक भिडणारी एक लहानशी शिळा पालेर्मोत आहे. ग्रिसांदुस नावाचा एक धर्मगुरू राजाच्या पदरी होता. 1148 मध्ये त्याची आई आन्ना वारली. दुसऱ्या वर्षी त्याने तिचे दफन आपण बांधलेल्या मंदिरात केले आणि तिच्या स्मरणार्थ संगमरवरी शिळा बसवली. तिच्यावरील मजकूर चार लिप्यांत कोरलेला आहे: लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू. एवढेच नव्हे, तर प्रत्येक लेखात त्या त्या समाजाची कालगणना वापरलेली आहे. आई एकच, दुःखही एकच. पण शहरातील कोणीही जाता येता ते वाचावे आणि क्षणभर थांबावे, असे त्या मुलाला वाटले असावे.

हे सारे वाचून सिसिलीत तेव्हा स्वर्गच अवतरला होता असे कोणी समजू नये. सत्ता जेत्यांची होती आणि जितांचे सुख राजाच्या मर्जीवर अवलंबून होते. इब्न जुबैर नावाचा स्पेनचा एक मुस्लिम प्रवासी 1184 मध्ये मेसिनाजवळ गलबत फुटून सिसिलीच्या किनाऱ्यास लागला. पैशावाचून अडलेल्या गरीब मुसलमान उतारूंना तेथील ख्रिस्ती राजाने साह्य केले. पालेर्मोच्या ख्रिस्ती स्त्रिया सणाच्या दिवशी मुसलमान स्त्रियांसारखा पोशाख करून मंदिरात जाताना त्याने पाहिल्या आणि त्याला नवल वाटले. पण त्याच प्रवाशाने हेही लिहिले आहे की अनेक मुसलमान मनात भय बाळगून राहत आणि आपला धर्म लपवीत.

ते भय खोटे नव्हते. रॉजर 1154 मध्ये मरण पावला. त्याच वर्षाच्या आरंभी इद्रिसीचा ग्रंथ पूर्ण झाला होता. 1161 मध्ये सरदारांनी बंड करून राजवाडा लुटला आणि शहरात अनेक मुसलमानांची कत्तल झाली. पुढे तेराव्या शतकात सिसिलीतील उरलेल्या मुसलमानांना बेटावरून उठवून इटलीतील लुचेरा येथे नेऊन वसवले, आणि 1300 मध्ये ती वस्तीही मोडून तेथील लोकांना गुलाम म्हणून विकले. ज्यांच्या पूर्वजांनी नारिंगाची झाडे लावली, त्यांना त्या झाडांची सावलीही उरली नाही.

चांदीचा तो नकाशा 1161 च्या लुटीतच नाहीसा झाला, असे मानतात. लुटारूंना त्यावरच्या नद्या आणि नगरे दिसली नाहीत. दिसली ती केवळ चांदी. इद्रिसीचा ग्रंथ मात्र साध्या कागदावर होता. तो वाचला. आणि ज्याला हवा त्याने उतरून घेतला, म्हणून तो टिकला. त्याच्या जुन्या हस्तलिखित प्रती पॅरिस, ऑक्सफर्ड आणि इस्तंबूल येथील ग्रंथालयांत आहेत. 1592 मध्ये त्याचा संक्षेप रोममध्ये अरबी भाषेत छापला गेला आणि 1619 मध्ये पॅरिसला त्याचे लॅटिन भाषांतर प्रसिद्ध झाले.

राजाने चांदीची निवड केली ती नकाशा चिरकाल टिकावा म्हणून. टिकला तो कागद. कारण चांदी एकाच महालात होती आणि कागद अनेकांच्या घरी पोहोचला होता. विद्येला कुलूप लागत नाही, तिला वाचणारे डोळे आणि उतरून घेणारे हात लागतात. मग ते हात कोणत्या तीरावरचे आहेत, याची विचारपूस ती करीत नाही.