पस्तीस सेकंद

तीन महिन्यांपूर्वीचा एक रविवार. पोहे हाणून मी सोफ्यावर लोळत होतो आणि आमचं चौदा महिन्यांचं रत्न लॅपटॉपचा चार्जर चघळत बसलं होतं. मी तो काढून घेतला. एवढाच काय तो माझा गुन्हा!

पोराने भोकाड पसरलं. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा तोंड उघडं, पण आवाजच नाही. ओठ निळे, मग चेहरा. अंग ताठ झालं आणि त्याने मान टाकली. रात्री दोनला सर्व्हर झोपला तरी शांत राहणारा मी, पण हातपाय गळाले. बायको त्याला हलवत होती, आई कांदा फोडायला धावली, मी तोंडावर पाणी मारलं. मग त्याने एक मोठा श्वास घेतला, आणि साहेब परत चार्जर शोधायला लागले!

तासाभरात दवाखान्यात. याला म्हणतात ब्रेथ होल्डिंग स्पेल. नाव फसवं आहे, कारण पोरगं मुद्दाम काही करत नाही. रडताना श्वास बाहेर जातो आणि पुढचा आत घेणंच अडतं. शुद्ध गेली की श्वास आपोआप सुरू होतो. सहा महिने ते सहा वर्षं या वयात होतं, मग आपोआप सुटतं. काही मुलं पडल्यावर किंवा दचकल्यावर पांढरीफटक पडतात, तो दुसरा प्रकार. हृदयाचा काही दोष नाही ना, म्हणून ईसीजी काढला. तो नॉर्मल. हिमोग्लोबिन मात्र ९.१. लोह कमी असलं की हे प्रकार वाढतात म्हणे. आमचा हिरो दिवसभर दुधावर, जेवणाला हात लावायचा नाही. (आईच्या मते दूध म्हणजे अमृत. असो.) लोहाचे थेंब सुरू झाले, दूध कमी झालं.

आणि करायचं काय? तर जवळजवळ काहीच नाही! कुशीवर झोपवायचं, डोकं आपटू द्यायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, हलवायचं नाही, पाणी-कांदा बंद. घड्याळ बघायचं. मिनिटाच्या वर बेशुद्ध राहिला तर १०८. न रडता किंवा झोपेत असं झालं तर लगेच दवाखाना.

खरा त्रास पुढेच होता. तो रडेल या भीतीने आम्ही त्याला सगळं द्यायला लागलो. रिमोट, मोबाईल, आईचा चष्मा. डॉक्टरांनी नेमकं हेच करू नका म्हणून सांगितलं होतं! मी 'नाही' म्हटलं की बायको माझ्याकडे खुन्यासारखं बघायची. यावरून दोन दिवस अबोला झाला. शेवटी आई हळूच म्हणाली, "अरे, तूही असाच निळा पडायचास. तुझ्या बाबांनी वर्षभर तुला कुठल्या गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं." अठ्ठावीस वर्षं ही माहिती कुणी मला दिली नव्हती!

गेल्या गुरुवारी परत झालं. या वेळी कात्री काढून घेतली होती. मी त्याला कुशीवर झोपवलं आणि घड्याळ बघत बसलो. बायको शेजारी बसली, माझं मनगट घट्ट धरून. पस्तीस सेकंद. मग तो उठला, मांडीवर आला, थोडा रडला. कात्री दिली नाही. तिची नखं अजून मनगटावर दिसतायत.