पगार कोण देतो?

जानेवारी २०१०. भारताचा हॉकी संघ संपावर गेला होता, आणि तोही आपल्या पुण्यात. आठवतंय का कुणाला? बहुतेकांना नसेलच. आयपीएलचा तिसरा सीझन दोन महिन्यांवर आला होता, हॉकीकडे बघायला वेळ कुणाला?

मी तेव्हा हिंजवडीत नोकरीला होतो. कंपनीची बस रोज बालेवाडीवरून जायची. तिथल्या म्हाळुंगेच्या क्रीडा संकुलात वर्ल्ड कपचं शिबिर चालू होतं. (आमच्या श्रीपूरला लागून महाळुंग आहे, त्यामुळे ते नाव ऐकलं की उगाच माहेरी आल्यासारखं वाटतं. असो.) २८ फेब्रुवारीला दिल्लीत वर्ल्ड कप सुरू होणार होता, आणि पोरांनी स्टिका खाली ठेवल्या. म्हणणं सरळ होतं. आधीच्या स्पर्धांचे, जिंकलेल्या सामन्यांचे पैसे मिळाले नाहीत, ते द्या. मागणी माणशी साडेचार लाखांची. हॉकी इंडियाने देऊ केले माणशी पंचवीस हजार, आणि वर ४८ तासांची मुदत : सरावाला या, नाहीतर कारवाई. कर्णधार राजपाल सिंग आणि मंडळी हलली नाहीत. शेवटी सहारा या स्पॉन्सरच्या मदतीने एक कोटी रुपये खेळाडूंत वाटायचं ठरलं आणि संप मिटला.

आमच्या कॅन्टीनमध्ये तेव्हा यावर जोरदार चर्चा झाली होती. "देशासाठी खेळायचं तर पैसे कसले मागता?" असं म्हणणारे बरेच होते. गंमत म्हणजे हीच मंडळी अप्रेझलचं पत्र हातात पडलं की आठवडाभर कुणाशी धड बोलायची नाहीत :)

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमचे दाजी. भाचा शाळेत बरी हॉकी खेळतो. कुणीतरी सुचवलं, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीला पाठवा. ताई लगेच तयार झाली. दाजी शेतकरी माणूस. त्यांनी मला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला.

"पाव्हणं, हॉकीत पगार कोण देतो?"

मी उत्साहाने सांगायला गेलो, "अहो दाजी, आता हॉकी इंडिया लीग परत सुरू झालीय. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले!"

"ते झालं एकाचं. लीग बंद पडली तर मग कोण देतो?"

आता काय सांगणार? हीच लीग २०१७ नंतर बंद पडली होती आणि पुढचा हंगाम उजाडायला डिसेंबर २०२४ यावा लागला. सात वर्षं! खेळाडूचं उमेदीचं वय तेवढंच असतं. त्याआधी २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी झाली. आपले पुणे स्ट्रायकर्स फायनलला पोचले आणि शेर-ए-पंजाबकडून हरले. दुसरा हंगाम झालाच नाही.

दाजींचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून शनिवार-रविवार जरा वाचत बसलो. हॉकीत मालक आणि खेळाडू यांची भांडणं सगळ्यात जास्त कुठे गाजली असतील, तर उत्तर अमेरिकेत. ती बर्फावरची हॉकी, एनएचएल. तिथे प्रश्न सरळ आहे. संघाला मालक आहे, पगार तो देतो. खेळाडूंची युनियन आहे, आणि दोघांमध्ये काही वर्षांचा लेखी करार असतो. करार संपला आणि नवा जमला नाही, की मालक टाळं लावतात.

सप्टेंबर २००४ मध्ये असंच टाळं लागलं. मालक म्हणत, संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा हवी. खेळाडू म्हणत, शक्य नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये अख्खा हंगाम रद्द झाला. १९१९ मध्ये साथीमुळे स्टॅनली कपचा निकाल लागला नव्हता, त्यानंतर पहिल्यांदाच कप कुणालाच मिळाला नाही. शेवटी खेळाडू वाकले : चालू पगारात २४ टक्के कपात, आणि त्या वर्षी प्रत्येक संघाला ३.९ कोटी डॉलरची मर्यादा. २०१२ मध्ये पुन्हा टाळं. हंगाम ४८ सामन्यांवर आला आणि उत्पन्नाची वाटणी निम्मी-निम्मी ठरली.

वाचताना पहिल्यांदा वाटलं, काय ही भांडकुदळ माणसं! कोट्यधीशांचं अब्जाधीशांशी भांडण, आपल्याला काय त्याचं? पण मग लक्षात आलं की हे भांडण आपल्या ओळखीचं आहे. श्रीपूर हे साखर कारखान्याचं गाव. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून तोडणीच्या टोळ्या यायच्या, कोप्या उभ्या राहायच्या. आणि काही वर्षांनी एकदा हंगाम तोंडावर आला की बातमी यायची, ऊसतोड कामगारांनी कोयता बंद केला. तोडणीचा दर वाढवून द्या, मगच टोळ्या हलतील.

बरोबर हंगामाच्या तोंडावरच का? कारण ऊस थांबत नाही. वेळेत गाळला नाही तर वजनही घटतं आणि साखरेचा उताराही. न झालेल्या सामन्याचं तिकीट जसं नंतर विकता येत नाही, तसंच. पुण्यात पोरांनी वर्ल्ड कपच्या दीड महिना आधी संप केला, यात देशद्रोह वगैरे काही नव्हतं. मुकादमाला विचारा, तोही हाच मुहूर्त काढेल.

ऊसतोड कामगाराचं आयुष्य सुखाचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडता फेडता पिढ्या गेल्यात. पण तोडणीच्या दरासाठी एका बाजूला साखर संघ, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या संघटना, आणि मध्ये लवाद, एवढी व्यवस्था तरी आहे. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढीवर तडजोड झाली ती अशीच. शेतकऱ्यालाही कागद आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहून ठेवलंय. पाळतात किती हा वेगळा विषय, पण मोर्चा नेताना दाखवायला कलम आहे.

पुण्यातल्या त्या पोरांकडे असं काही होतं का? महिन्याचा पगार रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या तेल कंपनीचा. शिबिर हॉकी इंडियाचं, आणि ती संघटनाही नवीकोरी. कारण जुनी इंडियन हॉकी फेडरेशन लाचखोरीच्या आरोपांनंतर २००८ मध्ये निलंबित झालेली. स्पॉन्सरचा पैसा भलत्याच कुणाच्या हातात. मग थकलेले पैसे मागायचे कुणाकडे? भांडायला समोर मालकच नाही! आणि जिथे मालक सापडत नाही, तिथे देश पुढे केला जातो. देशाकडे थकबाकी मागणारा माणूस आपोआप लहान दिसायला लागतो.

तो संप मिटला, वर्ल्ड कप झाला, पाकिस्तानला ४-१ ने हरवलं, आपण आठवे आलो. पण २०११ मध्ये पहिली आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून संघ परत आला तेव्हा बक्षीस किती जाहीर झालं? पुन्हा माणशी पंचवीस हजार! खेळाडूंनी ते नाकारलं, बोंबाबोंब झाली, मग सरकारने जास्त दिले. म्हणजे २०१० मध्ये पैसे मिळाले, पण पुढच्या वेळचं काही ठरलं नव्हतं. एनएचएलवाल्यांनी मात्र दोन टाळी लावून झाल्यावर २०२५ च्या जुलैमध्ये नवा करार करून टाकला, जुना संपायला वर्षाहून जास्त अवकाश असताना. भांडून भांडून का होईना, शहाणे झाले म्हणायचे.

आपल्यालाही ऑफिसात अधूनमधून "आपण एक फॅमिली आहोत" असं ऐकवतात. ऐकायला छानच वाटतं. पण ऑफर लेटर आपण तरीही नीट वाचतो, नोटीस पिरियडच्या कलमासकट. हॉकीवाल्या पोराने तेच केलं तर त्याला स्वार्थी म्हणू नये, एवढंच.

भाच्याचं म्हणाल तर मी दाजींना सांगितलं, पाठवा. शिकू दे, खेळू दे. पण दहावी-बारावी सोडायची नाही, आणि पुढे कुठल्याही कागदावर सही करायची वेळ आली की तुमचा प्रश्न आधी विचारायचा. लीग बंद पडली तर कोण देतो, हे त्यात लिहिलेलं पाहिजे.

दाजी म्हणाले, "आणि नसलं लिहिलेलं तर?"

"तर लिहून मागायचं. हंगामाच्या आधी."