मागच्या गाडीचा दिवा

प्रवासाला निघायचे म्हणजे घर सोडायचे, अशी आपल्या मनाची जुनी समजूत आहे. दाराला कुलूप घालावे, किल्ली शेजारी द्यावी, तुळशीला पाणी घालण्याची विनंती करावी आणि मग पाऊल उंबऱ्याबाहेर टाकावे. परंतु घर मागे न ठेवता बरोबर घेऊनच निघण्याची रीत आपल्या सीमाभागाला मुळीच परकी नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माची आणि रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काची बैलगाडीतली यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना चाकांवरचे घर म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

बेळगावाहून नेसरगी, यरगट्टी करीत सौंदत्तीला जायचे तर वाट ऐंशी-नव्वद किलोमीटरांची. निपाणीकडच्या लोकांना ती त्याच्या जवळजवळ दुप्पट. बैलांच्या पावलांनी हे अंतर कापायचे म्हणजे कित्येक दिवसांचा संसार गाडीत मांडावा लागे. बांबूच्या कांबी वाकवून त्यांवर ताडपत्री ताणली की छप्पर झाले. तळाला कडबा आणि त्यावर वाकळ पसरली की बिछाना झाला. भाकरीच्या पिठाचे डबे, खर्ड्याची बरणी, पाण्याची घागर, चुलीसाठी सरपण, बैलांची पेंड आणि या सर्वांहून जपून न्यायची ती देवीच्या पडलीची परडी. कुणाच्या गाडीमागे दाव्याने बांधलेली दुभती शेळीही चाले, म्हणजे लहान मुलांच्या दुधाची काळजी मिटे. मुक्कामाला बैल सोडले, तीन दगडांची चूल मांडली आणि धूर निघाला की रस्त्याकडेच्या त्या माळाला घरपण येई.

गाडी भरण्याचे काम मात्र घरातील सर्वांत वयस्क माणसाचे. आमचे आजोबा प्रत्येक बोचके हातात घेऊन त्याची जागा ठरवीत आणि मधूनच दटावीत, “मागं जड करू नका रे, गाडी उलाळ हुईल!” उलाळ आणि धुरजड हे दोन शब्द आजच्या मुलांना कदाचित ठाऊक नसतील. ओझे कण्याच्या मागे अधिक पडले, तर जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ती गाडी उलाळ. ओझे पुढे अधिक पडले, तर बैलांच्या माना दबून जातात, ती धुरजड. चांगली भरलेली गाडी थोडीशी, अगदी थोडीशीच पुढे भार देते. आजोबा जुवाखाली हात घालून ते एकदा उचलून पाहात आणि त्या एका उचलण्यात त्यांचे सारे गणित होऊन जाई.

या शब्दांची आठवण मला झाली ती फार दूरच्या मुलखात. मुलीच्या संसाराच्या निमित्ताने काही महिने अमेरिकेत राहण्याचा योग आला. तेथे शेजारी एक निवृत्त दांपत्य होते. वर्षातले सहा-सात महिने ते घरी नसतच. कारण त्यांचे दुसरे घर चाकांवर होते. तेथे त्याला मोटरहोम म्हणतात. आपल्या एस.टी.एवढी लांब गाडी, आत दोघांचा पलंग, शेगडी, शीतपेटी, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या, बसून जेवायला मेज. हे सारे पाहून कौतुक वाटले. परंतु त्याहून नवल वाटले ते त्या घराच्या पाठीमागे एका लोखंडी दांड्याने जोडलेल्या लहान मोटारीचे. चारही चाके जमिनीवर टेकवून, आत कोणी नसताना, ती मुकाट्याने मागून चालत येते. तेथील लोक तिला ‘डिंगी’ म्हणतात, म्हणजे गलबताच्या मागे दोरीने बांधलेली छोटी होडी!

एवढे मोठे वाहन असताना मागे हे शेपूट कशाला, असा प्रश्न मी केला. त्या गृहस्थांनी हसून सांगितले, की मोठे घर एकदा मुक्कामाला लागले, त्याला विजेची तार आणि पाण्याची नळी जोडली, की दुधाची बाटली आणायला ते हलविणे परवडत नाही. अरुंद गल्लीत ते शिरत नाही, बाजारात त्याला जागा मिळत नाही. घर तळावर ठेवायचे आणि लहान मोटार सोडवून हिंडायचे. आपल्या यात्रेकरूंनी गाड्या तळावर सोडून डोंगर पायी चढावा, तसेच हे.

पण खरे शिकण्यासारखे पुढेच होते. कोणतीही मोटार उचलून मागे बांधता येत नाही. पुष्कळ स्वयंचलित गिअरच्या मोटारींत दातेरी चाकांना तेल पोहोचविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके मैलोगणती फिरत राहिली, तर आतले भाग कोरडेच घासून जळून जातात. म्हणून निर्मात्याने परवानगी दिलेलीच मोटार अशी ओढायची, नाहीतर तिची पुढची चाके, किंवा संपूर्ण मोटारच, वेगळ्या गाड्यावर चढवायची. जिच्यात वजन भरलेले असते असा गाडा ओढायचा असेल, तर एकूण भाराचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडावर पडला पाहिजे. ओझे मागे गेले, तर भरधाव वेगात तो गाडा सापासारखा वळवळू लागतो. हे ऐकताना मला आजोबांचे ‘उलाळ’ आठवले. शास्त्र एकच, त्यांनी ते मोजून मांडले, आजोबांनी तळहातावर तोलले.

शिवाय जोडदांड्याखेरीज दोन साखळ्या असतात, दांडा निखळला तरी मोटार सुटू नये म्हणून. मागच्या मोटारीचे दिवे पुढच्या वाहनाच्या दिव्यांना तारेने जोडलेले असतात. आणि तेथील अनेक राज्यांत मागच्या मोटारीचे वजन तीन हजार पौंडांहून, म्हणजे सुमारे १३६० किलोंहून, अधिक असेल तर तिला स्वतःचा ब्रेक लागलाच पाहिजे, असा कायदा आहे. पुढच्याने ब्रेक दाबला की मागची आपोआप आपला ब्रेक लावते. सर्व जोड तुटून ती सुटलीच, तर एक बारीक तार ओढली जाऊन ती जागीच थांबते. मागे मात्र तिला घेता येत नाही. उलटे जाऊ लागले की तिची पुढची चाके भलतीकडे वळतात आणि दांडा वाकतो. चुकीच्या रस्त्याला लागले तर खाली उतरायचे, दोन्ही वाहने सोडवायची आणि मगच वळायचे.

निघण्यापूर्वीचा त्या दांपत्याचा विधी मी अनेकदा पाहिला. तो पुढे बसे. ती सर्वांत मागे, लहान मोटारीच्या पाठीशी उभी राही. तो डावा दिवा लावी, ती हात वर करी. उजवा लावी, पुन्हा हात. ब्रेक दाबी, पुन्हा हात. दोघांत एक शब्दही होत नसे. मग ती चालत येऊन शेजारी बसे आणि घर हलू लागे.

आपल्या देशात हा प्रकार या स्वरूपात दिसत नाही, आणि त्याला कारणही आहे. आपल्या वाहतूक नियमांनुसार नोंदणीकृत ट्रेलर सोडला, तर सामान्यतः नादुरुस्त वाहनच दुसऱ्याने ओढायचे असते; धडधाकट मोटार हौसेने मागे बांधून न्यायला मुभा नाही. निवासाच्या सोयी असलेल्या वाहनांना मात्र आता चांगले दिवस येऊ पाहात आहेत. केरळ आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०२१ साली त्यांच्या पर्यटनासाठी धोरणे जाहीर केली. उद्या कोकणात किंवा पश्चिम घाटात अशी घरे हिंडू लागली, तर नवल नाही.

परंतु गाडीमागे गाडी पाहायची असेल, तर आपल्याला तोवर थांबण्याची गरजच नाही. दिवाळीच्या सुमारास निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यातील कोणत्याही रस्त्यावर उभे राहावे. कर्नाटकातील सर्वाधिक साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात आहेत. गळिताचा हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस निघतो. ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास वजनाचा आणि मागचा ऊस वीस टनांच्या घरातला. पुष्कळदा त्या उसावरच तोडणी कामगारांचे बिऱ्हाडही असते: भांड्यांची पोती, कोपीचे बांबू आणि वाकळेत गुंडाळून निजलेले मूल. अमेरिकेतले चाकांवरचे घर हौसेचे, आपल्या यात्रेचे श्रद्धेचे आणि हे पोटाचे.

निपाणी सोडून संकेश्वरकडे निघाले, की स्तवनिधीच्या जैन तीर्थामुळे सर्वांना परिचित असलेला तवंदीचा घाट लागतो. पूर्वी ज्याला ४ क्रमांकाचा आणि आता ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणतात, तो येथून जातो. चढावर मागचा भार ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके जमिनीवरून सुटू पाहतात. ती आजोबांच्या भाषेत उलाळ झालेली गाडीच. परंतु खरी परीक्षा उताराला. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. थांबविण्याचे सारे काम त्या दोन टनांच्या यंत्राने करायचे आणि मागून वीस टन त्याला ढकलीत असतात. एका वयस्क ट्रॅक्टरचालकाने मला सांगितले, “ओढताना काय वाटत न्हाई बघा. उतारालाच जीव वर येतोय. पुढचं मला दिसतंय, मागचं देवाला.”

मागचे देवाला दिसते, पण मागून येणाऱ्या माणसाला दिसत नाही, हीच दुःखाची गोष्ट आहे. उसाची टोके ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबत असतात, तांबडा दिवा असला तर तो त्यांच्याआड झाकला जातो, आणि धुळीने माखलेली ट्रॉली रात्रीच्या अंधारात अंधाराचाच भाग होऊन जाते. आमच्या परिचयातील एका घरचा तेवीस वर्षांचा मुलगा रात्रपाळी संपवून दुचाकीवरून परतत होता. चाक पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यात उभी होती. तिच्या मागे दगड मांडून ठेवले होते, दिवा नव्हता. त्याच्या आईने पुढे कितीतरी दिवस दिंडीदरवाजाला कडी लावली नाही. त्या ट्रॅक्टरचा चालकही खेपेवर पोट भरणाराच होता. तो तेराव्याला येऊन अंगणाच्या कडेला बसून राहिला होता, आणि त्याला कोणी काही बोलले नाही. बोलायचे तरी काय आणि कुणाला? चालकाला खेप लवकर पोहोचवायची असते, शेतकऱ्याला ऊस वाळण्याआधी गाळला जायला हवा असतो, कारखान्याला गव्हाण रिकामी ठेवता येत नाही. घाई सगळ्यांचीच असते. मागचा दिवा मात्र कुणा एकाचा नसतो.

या सगळ्याचा विचार करताना मनात एक गोष्ट पक्की झाली. ओढण्याला बळ लागते आणि ते मिळविण्यात माणसाला अभिमान वाटतो. किती टन ओढले, किती माणसांचा संसार ओढला, हे आपण मिशीला पीळ देऊन सांगतो. परंतु जो दुसऱ्याला मागे बांधून घेतो, त्याची खरी जबाबदारी ओढण्याची नसते. थांबविण्याची आणि मागच्याचे अस्तित्व इतरांना कळविण्याची असते. मागे बांधलेल्याला ना सुकाणू असते, ना डोळे. त्याचा ब्रेक, त्याचा दिवा हा पुढच्यानेच पुरवायचा असतो. ते शेजारचे दांपत्य आपल्याहून अधिक पापभीरू होते, असे नाही. कायद्याने त्यांना ती सवय लावली आणि सवयीने ती त्यांच्या अंगात मुरली, एवढेच.

आपल्याकडे ट्रॉलीला दुसरा ब्रेक बसविणे खर्चाचे आहे. ते आज ना उद्या कायद्याच्या धाकाने आणि कारखान्यांच्या आग्रहाने व्हावे लागेल. पण उजेड पडताच चमकणारी तांबडी पट्टी ट्रॉलीच्या पाठीवर चिकटवायला फारसा पैसा लागत नाही. ऊस भरल्यावर ती झाकली जाणार नाही इतक्या खाली ती लावावी, आणि खेपेआधी हाताने एकदा पुसावी. बैलगाड्यांची जागा आता यात्रेतही ट्रॅक्टर-ट्रॉलीने घेतली आहे. सौंदत्तीला आणि चिंचलीला जाणाऱ्या ट्रॉलीत तर आपल्याच घरची बायका-मुले बसलेली असतात.

खंडेनवमीला आपल्या भागात प्रत्येक दारात वाहनांची पूजा होते. ट्रॅक्टर धुऊन उभा करतात, पुढच्या जाळीवर झेंडूची माळ घालतात, पुढच्या चाकाशी नारळ फोडतात आणि चाकाखाली लिंबू ठेवतात. सगळी पूजा पुढच्या अंगाला. पाठीमागे जाऊन कुंकवाचे एक बोटही कोणी लावीत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत हंगाम सुरू होतो. यंदापासून घरातील गृहिणीने हळदी-कुंकवाचे तबक घेऊन एक फेरा मागेही घालावा. घरातल्या एखाद्या मुलाला ट्रॅक्टरवर बसवून ब्रेक दाबायला सांगावा. मागचा दिवा लागला, तर त्याला कुंकू लावावे. नाही लागला, तर तो लागेपर्यंत नारळ तबकातच राहू द्यावा.